नावे घालून मिळतील

‘मग’ या शब्दाची मराठीत जरा पंचाईत आहे. न्हाणीघरातल्या बादलीत तरंगतो तोही मग, आणि गोष्ट ऐकताना आपण अधूनमधून घालतो तोही मग. त्यामुळे आमच्या दहावीच्या स्नेहमेळाव्यासाठी काढलेल्या व्हॉट्सॲप गटावर ‘सगळ्यांना आठवण म्हणून एकेक मग देऊ या’ असा प्रस्ताव आला, तेव्हा त्याच्याखाली अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, ‘मग बादली कोण देणार?’ हे उत्तर आठ नंबरचं होतं. तो शाळेतही असाच होता.

आठ नंबर म्हणजे हजेरीपटावरचा. आम्ही वाईच्या एका शाळेतून १९८५ साली दहावी झालो. तुकडीत सहासष्ट जण. १ ते ४१ मुलगे, आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने, आणि ते संपले की ४२ ते ६६ आम्ही मुली, पुन्हा ‘अ’पासून. मी ५३. आज मला माझाच मोबाइल नंबर सांगताना मध्येच अडखळायला होतं, नवऱ्याच्या गाडीचा नंबर तर मी कधी पाठ केलाच नाही. पण झोपेत जरी कुणी ‘त्रेपन्न’ म्हणून पुकारलं तरी मी ‘हजर’ म्हणून उठेन. गटावर चाळीस वर्षांनी एकमेकांचे फोटो पाहून कोण कोणाला ओळखणार? टक्कल आणि चष्म्याआडून माणसं बाहेर आली ती नंबरानेच.

भेटवस्तूचा विषय मगावर येण्याआधी बरंच रान तुडवून झालं होतं. शाल-श्रीफळ ‘आपण काय सत्काराला आलोय का’ म्हणून बाद झालं. तुळशीचं रोप सुचवणाऱ्याला ते ठाण्यापर्यंत बसमधून मांडीवर घेऊन जायला सांगितलं गेलं. टी-शर्टवर जवळजवळ एकमत झालं होतं, पण मापं मागवल्यावर गट दोन दिवस चिडीचूप झाला. पंचावन्नाव्या वर्षी आपलं खरं माप सगळ्या गटासमोर लिहिणारा माणूस शूर म्हणायचा. ज्या तिघींनी लिहिलं त्यांनी ‘मीडियम’ लिहिलं, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही, इतकं प्रेम आमच्यात अजून शिल्लक आहे. मगाला माप नसतं. हा त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला आणि मग पास झाला.

काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात राहते आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आहे, एवढ्या दोन गोष्टी पुरेशा झाल्या. पुण्यात सगळं मिळतं आणि निवृत्त बाईला काही काम नसतं, अशी वाई ते वाशी सगळ्यांची समजूत आहे. घरी मी हे सांगितलं तेव्हा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “मगात चहा पितात का कुठे? बशी नाही त्याला.” आमच्या घरात चहा कपबशीतून पितात. तो तर बशीतच पितो. कप हे त्याच्या दृष्टीने स्वयंपाकघरापासून बशीपर्यंत चहा आणण्याचं वाहन आहे.

खरं सांगायचं तर भांड्यावर नाव घालणं आपल्याला नवीन नाही. माझ्या लहानपणी भांड्यांच्या दुकानात काउंटरच्या वर पाटी असायची, ‘नावे घालून मिळतील’. पातेलं पसंत पडलं, वजन झालं, पैसे दिले, की दुकानातला एक मुलगा पेनासारखं विजेचं यंत्र घ्यायचा आणि टर्रर्र करत भांड्याच्या काठाखाली नाव कोरायचा. त्याच्याही आधीची पितळी भांडी माझ्या आईकडे होती, त्यांच्यावर छिन्नीने ठोकून टिंबाटिंबांची अक्षरं काढलेली होती. अंधारात बोट फिरवलं तरी भांडं कुणाचं ते कळायचं. त्याला कारणही होतं. लग्नकार्याला आळीतल्या दहा घरांतली पातेली, पराती, झारे एकत्र यायचे, आणि कार्य उरकल्यावर आपापल्या घरी परत जायला त्यांना पत्ता लागायचा. नाव म्हणजे हौस नव्हे, परतीचं तिकीट.

पुढे भांडी बाहेर जायची थांबली आणि नाव मात्र राहिलं. त्यात मजकूर वाढत गेला. माझ्या स्वयंपाकघरात आज एक डबा आहे, त्याच्यावर चार ओळींत लिहिलंय की तो अमुक कैलासवासींच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून सप्रेम भेट. ते अमुक कोण आणि तमुक कोण, हे आता घरात कुणालाही सांगता येत नाही. त्यात साबुदाणा असतो. कैलासवासींना आम्ही दर एकादशीला उघडतो.

या सगळ्या भांड्यांमध्ये माझं एकही नाही हे मला त्या मगांच्या निमित्ताने पहिल्यांदा जाणवलं. म्हणजे आहेत, लग्नात आलेली सगळी माझीच म्हणायची, पण त्यांच्यावर जे नाव आहे ते मला लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून मिळालेलं. कासाराला ते नाव माझ्या आधी माहीत होतं. मी तांदूळ वाचायच्या आत पातेल्यांवर कोरून झालं होतं. ते असो. आपण मगांकडे वळू.

रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास घाऊक वस्तूंचं एक वेगळंच जग आहे. तिथे एक नग मागणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात. मी ज्या दुकानात गेले तिथे छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके होते आणि मालक त्यांच्यामधल्या फटीत बसला होता. त्याने सांगितलं, कोरा पांढरा मग, अकरा औंसाचा, एका खोक्यात छत्तीस. अकरा औंस म्हणजे साधारण सव्वातीनशे मिलिलिटर. मी मनात आमच्या घरच्या कपाचा हिशेब केला. एका मगात आमचे दोन कप मावून वर पाहुण्याचा अर्धा उरतो. एवढा चहा मराठी माणूस एकदम पीत नाही. आपण कटिंग पिणारी माणसं. दिवसातून सहा वेळा पिऊ, पण प्रत्येक वेळी ‘अगदी अर्धा’ म्हणूनच.

“मॅजिक मग दाखवू का?” त्याने विचारलं. तो काळा असतो. गरम चहा ओतला की काळा रंग विरतो आणि खालून फोटो वर येतो. थंड झाला की फोटो पुन्हा अंधारात. मी क्षणभर कल्पना करून पाहिली, सकाळी सहाला डोळे किलकिले करून चहा ओतते आहे आणि मगाच्या पोटातून हळूहळू आमच्या भूमितीच्या सरांचा चेहरा वर येतो आहे. पांढराच घेतला.

“किती?”

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. हजेरीपटावर सहासष्ट. त्यांतल्या अठ्ठावन्न जणांचा पत्ता लागला होता. पाच जण आता नाहीत. तिघांचा शोध चालू होता. एक जण अमेरिकेत आहे एवढं कळलं होतं, पण ‘अमेरिकेत’ हा काही पत्ता नव्हे. अठ्ठावन्नांपैकी नक्की येणारे सव्वीस, ‘प्रयत्न करतो’वाले वीस, आणि उरलेल्यांनी नुसता अंगठा पाठवला होता. अंगठ्याचा अर्थ हो, नाही, वाचलं आणि चुकून लागला, असा चारही प्रकारे होतो. शिवाय सर आणि बाई मिळून सात. मी बँकेत अठ्ठावीस वर्षं रोकड मोजली, पण एवढा अस्थिर आकडा कधी हातात आला नव्हता. शेवटी दोन खोकी म्हणजे बहात्तर, असं ठरवून बोलले.

“ताई, बहात्तरला एकशेवीस पडेल. शंभरला नव्वद. तुम्ही बघा.”

तुम्हीही बघा. बहात्तर गुणिले एकशेवीस, आठ हजार सहाशे चाळीस. शंभर गुणिले नव्वद, नऊ हजार. फक्त तीनशे साठ रुपयांत अठ्ठावीस मग जास्त. म्हणजे मगाला तेरा रुपयेसुद्धा नाहीत! तेरा रुपयांत हल्ली काय मिळतं! अशा वेळी जो माणूस ‘मला बहात्तरच हवेत’ म्हणून ठाम राहील त्याला मी साष्टांग नमस्कार घालीन. मी शंभर सांगितले. या अठ्ठावीस मगांचं पुढे काय झालं ते यथावकाश येईलच. येणारच, त्याला इलाज नाही.

छपाई करून देणारा वेगळा, तो नारायण पेठेत. दुकानदारानेच त्याच्याशी गाठ घालून दिली. तिथे संगणकावर एक मुलगा बसला होता, वय असेल तेवीस-चोवीस. त्याने पहिल्याच वाक्यात माझा पराभव केला. “काकू, लोगोची सीडीआर फाइल आहे ना?”

आमच्या शाळेच्या बोधचिन्हाची फाइल! १९८५ साली ते आमच्या प्रगतिपुस्तकावर होतं, रबरी शिक्क्यावर होतं आणि फाटकावर लोखंडात होतं. गटावर हाक दिली. तासाभरात अकरा फोटो आले. एकाने प्रगतिपुस्तकाचा पाठवला, त्यात बोधचिन्हापेक्षा गणितातले अकरा गुणच जास्त ठळक दिसत होते. वाईत राहणारा एकोणीस नंबर स्कूटरवर जाऊन फाटकाचा फोटो काढून आला; त्यात मधल्या समईचा वात असलेला भाग गंजून पडला होता. व्हॉट्सॲपवरून येताना फोटो आणखी चेपला गेला. मुलाने तो मोठा करून दाखवला तेव्हा ज्ञानाची ती समई मला भजी तळायच्या कढईसारखी दिसू लागली. दोनशे रुपये वेगळे घेऊन त्याने ती नव्याने काढून दिली. छान काढली. पण त्याने तिला पाच वाती दाखवल्या, शाळेत चार होत्या की पाच यावर गटात जे झालं ते इथे सांगत नाही. त्यात दोन जण गट सोडून गेले आणि रात्री परत आले.

मग मजकूर. नाव, हजेरी क्रमांक, ‘दहावी, १९८५’. इतकंच ठरलं होतं. पण मुलींच्या बाबतीत ‘नाव’ हा शब्द सरळ नसतो. मी विचारलं, कुठलं घालू? आणि मुलींचा एक वेगळाच गट त्याच संध्याकाळी जन्माला आला. एकीने सासरचं सांगितलं, कारण घरच्यांना तेच ओळखीचं. एकीला दोन्ही आडनावं हवी होती. तिचं माहेरचं आडनाव सात अक्षरी आणि सासरचं सहा अक्षरी, मगाला वळसा घालून ते कानापर्यंत पोचत होतं. एकीने लिहिलं, “माझं पहिलंही तेच, शेवटचंही तेच. घाला.” तिच्या आयुष्यात मधल्या काळात एक आडनाव येऊन गेलेलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तिने ते असं चार शब्दांत मिटवलं. दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग बासष्ट नंबरने विचारलं, “हजेरी घेताना बाई काय पुकारायच्या?” त्यापुढे प्रश्नच नव्हता. ज्या नावाला हजर म्हटलं, ते.

चोवीस मुलींची नावं मी वहीत लिहायला घेतली. पंचविसावी आता नाही. त्यांतल्या सतरा जणींचं आडनाव बदललेलं आणि सहा जणींचं तर पाळण्यातलं नावही. त्या सहांत मी एक. माझं नाव लिहिताना अक्षर जरा वळणदार आलं, म्हणजे पाचवीतलं आलं.

आता ही नावं मुलाला पाठवली युनिकोडमध्ये, आणि त्याच्या संगणकावर डिझाइनचं सॉफ्टवेअर होतं जुनं, त्यात फॉन्ट त्याहून जुना. मराठी छपाईवाल्यांना हा रोग पाठ आहे. इकडून शुद्ध जातं आणि तिकडे जाऊन मोडून पडतं. पहिला नमुना आला त्यात एका नावातली वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडली होती आणि एका आडनावातला रफार बेपत्ता होता. आमच्यात एक कुऱ्हाडे आहे, त्याच्या डोक्यावर रफार बसून तो ‘कुर्हाडे’ झाला होता. मी घाबरले. कारण गाव वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावात बसून झालं ते गाव. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हा आम्ही पहिली-दुसरीत होतो, आणि कुणाचे काका, कुणाचे शेजारी त्या कामात असायचे. आमच्याकडे भाजीच्या यादीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर यादी परत यायची. त्या गावच्या शाळेच्या मगावर वेलांटी चुकली तर ढोल्या गणपतीसुद्धा तोंड फिरवील.

तरी आमच्या मराठीच्या बाई अजून बाकी होत्या. वय ब्याऐंशी. त्यांना कुणीतरी दुरुस्त केलेला नमुना दाखवला. त्यांचा फोन आला, “त्रेपन्न ना? ‘ल’ असा का काढलाय? पाकळ्या कुठे आहेत त्याच्या? आणि ‘श’ला देठ नाही.” मी म्हटलं, बाई, फॉन्टच तसा आहे. “२००९ साली शासन निर्णय निघालाय, पाकळीचा ल आणि देठाचा श. फॉन्टला सांग.” मी मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, “काकू, आजवर शासन निर्णयाप्रमाणे मग कुणी मागितला नाही.” पण त्याने शोधला. रात्री साडेअकराला नवीन फॉन्टमधला नमुना आला, ‘ल’ फुललेला आणि ‘श’ देठासकट. मला वाटतं त्यालाही ते बरं वाटलं असावं, कारण खाली त्याने फुलाचं चित्र टाकलं होतं.

आणि शेवटी त्याने एक प्रश्न विचारला. “काकू, नाव पिणाऱ्याकडे की समोरच्याकडे?”

मला आधी कळलंच नाही. त्याने मग उचलून दाखवला. उजव्या हातात कान धरला की मगाची एक बाजू आपल्याकडे असते, दुसरी समोर बसलेल्याकडे. एका बाजूला समई येणार, एका बाजूला नाव. आपलं नाव आपण वाचायचं की जगाने? मी इतकी वर्षं कपाने चहा पीत आले, हा प्रश्न कधी पडला नव्हता. गटावर टाकला. आठ नंबर म्हणाला, “माझं नाव मला माहीत आहे. समोरच्याला विसरायला होतं.” या वयात हे बिनतोड होतं. नाव समोरच्याकडे गेलं. फक्त एकोणीस नंबरचा मग उलटा करावा लागला, तो डावखुरा. चौथीत त्याच्या डाव्या हातावर पट्ट्या बसायच्या त्या बदलण्यासाठी. हात बदलला नाही, मग बदलला.

प्रत्यक्ष छपाई बघायला मी मुद्दाम गेले. मला वाटलं होतं मगावर थेट काही छापत असतील. तसं नसतं. विशिष्ट शाईने कागदावर छापतात, तेही उलटं, आरशात दिसतं तसं, आणि फिकट, आजारी माणसासारखं. तो कागद मगाभोवती घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावतात. मग मगाच्या अंगाला बरोबर बसेल असं एक गोल तापणारं यंत्र असतं, त्यात मग घालून दांडा दाबायचा. आकडा एकशेनव्वद अंशांच्या आसपास. तीनेक मिनिटांनी यंत्र किंचाळतं. कागद ओढून काढला की खाली तेच नाव, सुलट, ओल्या रंगासारखं चमकणारं. पांढऱ्या रंगाची शाई यात नसते. जिथे पांढरं हवं तिथे काही छापायचं नाही, मगाचाच पांढरा दिसतो. म्हणून मग पांढरे. आणि साध्या कपावर हे होत नाही, वर पॉलिमरचा पातळ लेप लागतो, रंग त्यात शिरतो.

“शाई वितळते का?” मी विचारलं.

“नाही काकू, डायरेक्ट गॅस होते. सब्लिमेशन म्हणतात.”

संप्लवन! मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की तो दचकला. आठवीत की नववीत, प्रयोगशाळेत, बशीत नवसागर, त्याच्यावर पालथं नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडाला कापसाचा बोळा, खाली दिवा. घन पदार्थाचं द्रव न होता थेट वायूत रूपांतर होतं त्यास संप्लवन म्हणतात. उदाहरणार्थ कापूर, आयोडीन, डांबरगोळ्या. ही व्याख्या मी परीक्षेत तीन वेळा लिहिली आणि पूर्ण गुण मिळवले. पण तिचा उपयोग काय, हे मला नारायण पेठेत पंचावन्नाव्या वर्षी कळलं. विज्ञानाचे सर असते तर त्यांना फोन केला असता. ते त्या पाच जणांसारखेच यादीबाहेर गेलेले.

इथपर्यंत सगळ्या चुका दुसऱ्यांच्या होत्या आणि वेळेत सापडल्या. आता माझी.

मग शेवटी खोक्यांत भरताना पटकन सापडावेत म्हणून मी नावांची यादी एक्सेलमध्ये पहिल्या नावाप्रमाणे लावून घेतली होती. नावं लावली गेली. शेजारच्या रकान्यातले हजेरी क्रमांक जिथल्या तिथे राहिले. ज्यांनी हे कधी केलंय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. मुलाने यादीबरहुकूम छापलं. नमुना अकरा जणांनी तपासला होता, आणि अकराही जण वेलांट्या बघत होते. मीसुद्धा. आकडा काय, आकडा कसा चुकेल, बँकेत होते ना!

तीन खोकी आणि एक पिशवी डिकीत घालून आम्ही डिसेंबरात वाईला निघालो. नवऱ्याने खंबाटकीचा घाट असा चढवला की मागे बाळंतीण झोपलेली आहे असं कुणालाही वाटावं. एकही मग फुटला नाही. कार्यालयाच्या दारात मीच टेबल मांडून बसले, येईल त्याच्या हातात मग देत होते. आणि दहाव्या मिनिटाला मागून आवाज आला, “अगं, हा माझा नाही. मी सदतीस.”

त्याच्या मगावर नाव त्याचं आणि नंबर चौदा. ज्याचा नंबर चौदा होता त्याच्या मगावर बावन्न. बावन्न नंबरची बाई सातारा रोडवर होती, अर्ध्या तासात पोचणार होती. मी टेबलाखाली जायच्या बेतात होते. पण पुढे जे झालं ते कुठल्याही आयोजकाला योजता आलं नसतं. प्रत्येक जण आपला नंबर कुणाकडे आहे ते शोधायला लागला. जी माणसं एरवी खुर्च्या धरून ‘काय, कसं काय’ करत बसली असती, ती हॉलभर ‘चोवीस कोण? माझा चोवीस कुणाकडे?’ ओरडत फिरत होती. ज्या मुलाशी मी दहा वर्षांत एक वाक्य बोलले नव्हते, कारण तेव्हा बोलत नसत, तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “त्रेपन्न माझ्याकडे आहे. तुला काय मिळालं?” मला अकरा मिळालं होतं. आमचा मॉनिटर मात्र कपाळाला हात लावून भिंतीशी उभा होता. त्याला सहासष्टच्या सहासष्ट नंबर पाठ आहेत, आणि हा अनाचार त्याला बघवत नव्हता. जाताना तो मला म्हणाला, “परत छापून घे. मी पैसे देतो.” मी हो म्हटलं आहे. अजून घेतलेले नाहीत.

मराठीच्या बाईंनी मग हातात घेतला, चष्मा वर केला, ‘श’चा देठ पाहिला आणि मान हलवली. आकडा त्यांनी पाहिला नाही. गणिताकडे त्यांचं लक्ष पहिल्यापासून नव्हतं.

सत्तेचाळीस जण आले. न आलेल्यांच्या मगांपैकी नऊ कुणी ना कुणी शेजारपाजारच्यासाठी घेऊन गेलं, दोन माझ्याकडे आहेत. आणि बाकीचे, त्या अठ्ठावीसांसकट. त्यांतले सात सर आणि बाईंना गेले, आधीच ठरल्याप्रमाणे. पस्तीस उरले, नुसती समई आणि ‘दहावी, १९८५’ असलेले, कुणाचंच नाव नसलेले. तीनशे साठ रुपयांचा मोह माझ्या स्वयंपाकघरात येऊन रांगेने उभा राहिला. एकात पेनं गेली. एकात टूथब्रश. एक तांदळाचं माप झाला, आणि खरं सांगते, माप म्हणून फार चांगला आहे, दोन माणसांना बरोबर एक. दोनांत मी विरजण लावते. जाड चिनी माती ऊब धरते, दही काय लागतं! कामाच्या मावशी चार घेऊन गेल्या. उरलेल्या सव्विसांचं मी संक्रांतीला हळदीकुंकवात वाण दिलं. आमच्या कोथरूडच्या इमारतीत आता सव्वीस घरांत वाईच्या शाळेच्या १९८५ च्या तुकडीचे मग आहेत. तिसऱ्या मजल्यावरची सून तर नव्वद सालची, मराठी शाळेत गेलेलीसुद्धा नाही. परवा लिफ्टमध्ये म्हणाली, “काकू, तुमच्या शाळेचा दिवा कढईसारखा दिसतो नाही?” मी काही बोलले नाही. दोनशे रुपये वेगळे दिले होते त्याचे.

माझा स्वतःचा मग काही दिवस शोकेसमध्ये होता. अकरा नंबरचा. मी त्यातून चहा प्यायले नाही, एवढा चहा माझ्याने संपत नाही. मग फेब्रुवारीत घरातली शेवटची धड कपबशी नवऱ्याच्या हातून ओट्यावर पडली आणि तिचा कप फुटला. बशी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शोकेसपाशी गेला, तिथला मग विसळून घेतला आणि त्यात चहा ओतून खुर्चीत बसला. मांडीवर पेपर, डाव्या हातात ती उरलेली बशी. उजव्या हाताने कान धरून तो मगातला चहा थोडाथोडा बशीत ओतत होता आणि फुंकर घालत होता. त्याच्या बाजूला समई होती. माझं तांदळाच्या आधीचं नाव माझ्या बाजूला.

“बरा आहे की मग,” तो म्हणाला. “फक्त नंबर चुकलाय तुझा.”